कुणाकडून ऐकलं

मला बढती मिळाली आणि माझा वर्ग गेला. दोन्ही एकाच दिवशी झालं. पेढे घेऊन आलेल्यांनी मुबारकबाद दिली ती पहिल्या गोष्टीची, दुसरी कुणाच्या लक्षातही आली नाही.

पुण्याजवळ लवळ्याच्या पुढं टेकडीच्या उतारावर आमचं मुलींचं निवासी इस्लामी कॉलेज आहे. गावातले लोक त्याला 'उर्दूचं कॉलेज' म्हणतात. आजूबाजूला मोठमोठी विद्यापीठं, त्यांच्या काचेच्या इमारती, त्यांची कॅन्टीनं. तिथल्या मुली रिक्षात दाटीवाटीनं बसून खिदळत खाली जातात आणि आमच्या मुली गच्चीवरून त्यांच्याकडं बघत राहतात. मी गच्चीवर आले की सगळ्यांना एकदम वाळत घातलेले कपडे आठवतात. मी रागावत नाही. मीही तिथं तेच बघायला गेलेली असते.

बारावी झालेल्या मुली आमच्याकडं येतात. बाहेरून बीए करतात आणि आत आलिमा होतात, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीधर. शेवटच्या वर्षाला हदीसचा मोठा ग्रंथ असतो, पैगंबरसाहेबांच्या वचनांचा. तो मी शिकवायची. मी साताऱ्याकडची. घरात दखनी, शाळेत मराठी आणि किताबात अरबी, अशा तीन भाषांत वाढलेली. एरवी कुठंही बोलताना मी जरा चाचरते, पण तो ग्रंथ उघडला की चाचरत नाही. का ते मला सांगता येणार नाही.

तो ग्रंथ शिकणं म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या विद्येत काय सांगितलं याच्याआधी कुणाकडून ऐकलं ते सांगावं लागतं. मला अमक्यानं सांगितलं, त्याला तमक्यानं, असं मागं मागं जात ती साखळी थेट पैगंबरसाहेबांपर्यंत पोचते. वर्षाच्या शेवटी मुलीला सनद मिळते. तिच्यात ही साखळी लिहिलेली असते आणि तिची अलीकडची कडी म्हणजे त्या मुलीला शिकवणाऱ्याचं नाव. नुसता ग्रंथ वाचून भागत नाही, कानांनी ऐकावा लागतो. न ऐकता 'ऐकलं' म्हणणारा माणूस एकदा सापडला की तो कायमचा बाद. या साखळीत बायका पहिल्यापासून आहेत, चांगल्या नावाजलेल्या. मी ज्यांच्याकडून ऐकलं त्याही बाईच होत्या. हे मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगायची आणि सांगताना माझा आवाज चढायचा.

आधीच्या मोठ्या आपा (आमच्याकडं बाईंना आपा म्हणतात) वय झालं म्हणून मुलाकडं राहायला गेल्या आणि ट्रस्टनं मला सदर मुअल्लिमा केलं, म्हणजे प्रिन्सिपल. ट्रस्टची बैठक पडद्याच्या पलीकडं भरते, मी अलीकडं बसते. सेक्रेटरीसाहेब पलीकडून म्हणाले, "आपांच्या स्वभावात नरमी आहे, दीनदारी आहे, धर्माची चाड आहे. पुढारपणाला अशीच बाई लागते." माझ्या स्वभावात नरमी आहे हे ऐकून माझे मिस्टर घरी आल्यावर बराच वेळ हसत होते. ते बावधनला एका कंपनीत हिशेब बघतात, माणूस गरीब आहे, पण हसायचं तिथं हसतात. सेक्रेटरीसाहेबांचं पुढचं वाक्य मात्र हसण्यासारखं नव्हतं. प्रिन्सिपलला कामं फार, तेव्हा मोठा ग्रंथ यापुढं पुण्याहून एक बुजुर्ग हजरत, म्हणजे मोठे मौलाना, येऊन शिकवतील. त्यांच्या सनदेला मोठा मान आहे, त्यांच्या नावावर पालक डोळे मिटून मुली पाठवतील.

मला घोड्यावर बसवलं आणि लगाम काढून घेतला. तेही इतक्या अदबीनं की तक्रार करायला जागा राहिली नाही. वार्षिक समारंभात सेक्रेटरीसाहेब स्त्रीच्या नेतृत्वावर छान भाषण करतात आणि शेवटी माझ्या दिशेला, म्हणजे पडद्याकडं, हात करतात. मला खुर्ची आहे, टेबल आहे, दारावर पाटी आहे. वरणात पाणी किती, रविवारी फोन कुणाला, न्हाणीघराच्या जाळीत कुणाचे केस अडकले, हे मी ठरवते. त्याच्या पलीकडचं काही आलं की फोन लावते.

गावातली एक मावशी आम्हाला दूध घालते. पावसात एकदा दूध वाढवून हवं होतं म्हणून मी तिच्यासमोरच सेक्रेटरीसाहेबांना फोन लावला. तिनं माझं बोलणं संपेपर्यंत वाट बघितली आणि म्हणाली, "बाई, तुमी हितल्या मोठ्या हाय न्हवं?"

"हो."

"मंग दुदासाटी बी दुसऱ्याला का इचारताय? आमच्या घरात तर म्हातारीला बी इचारत न्हाई आमी."

मी हसून वेळ मारून नेली. तिचं काही खोटं नव्हतं.

इथं एक सांगून ठेवते, कारण आपलेच दात आणि आपलेच ओठ आहेत आणि बाहेरच्या लोकांना आमच्याबद्दल भलतंच वाटायला वेळ लागत नाही. माझी तक्रार पडद्याबद्दल नाही. पडदा मी समजून-उमजून घेतलाय आणि त्याच्या आड मला कधी गुदमरल्यासारखं झालेलं नाही. गुदमरले ते वर्ग गेल्यावर. माझा श्वास त्या तासात होता आणि तो नेमका तिथंच दाबला गेला.

हजरत फार म्हातारे होते आणि फार भले. ट्रस्टची गाडी त्यांना आणायची. चांदणी चौकात गाडी अडकली की तास उशिरा सुरू व्हायचा आणि ते आधी मुलींची माफी मागायचे. ते उर्दूत बोलायचे, मी इथं मराठीत लिहितेय. हॉलच्या मध्ये जाड हिरवा पडदा. त्या बाजूला हजरत आणि त्यांचा माइक, या बाजूला मुली आणि भिंतीवर एक स्पीकर. मुलींनी बोलायचं नाही, प्रश्न असला तर चिठ्ठी करून पडद्याखालून सरकवायची. आणि मी? प्रिन्सिपल म्हणून पडद्याला लागून एका खुर्चीत बसायचं आणि वर्ग शांत ठेवायचा. माझ्याच वर्गात मी पहारेकरी झाले होते. हजरतांचे कान जवळजवळ गेले होते आणि आवाज तर असा बारीक की माइक नसता तर त्यांच्या मांडीवरच्या ग्रंथापर्यंतच पोचला असता. चिठ्ठ्यांवरचं अक्षर त्यांना दिसायचं नाही. ते म्हणायचे, "हे तुमच्या आपांना विचारा." मुली संध्याकाळी असरच्या नमाजनंतर मला विचारायच्या.

मग श्रावणात वीज सारखी जायला-यायला लागली. मुळशीकडं पावसात हे होतंच, पण एक दिवस असा दणका आला की या बाजूचा स्पीकर जळाला. हजरतांना कळलं नाही. त्यांच्या पायाशी एक छोटा स्पीकर होता, तो चालू होता, त्यांनी धडा सुरू ठेवला. इकडं आम्हाला पडद्यामागं कुणीतरी पुटपुटतंय एवढंच. बुजुर्गांना धड्याच्या मध्ये अडवायचं नाही, हा अदब मुलींना मीच शिकवलेला. शिवाय मोठ्यानं 'ऐकू येत नाही' म्हणायचं तर बाईचा आवाज त्या बाजूला जाणार. मुली ग्रंथ उघडून बसलेल्या आणि सगळ्या माझ्याकडं बघत. मी खुर्ची वळवली आणि हलक्या आवाजात, ज्या पानावर हजरत असतील असं वाटलं त्या पानापासून, शिकवायला लागले.

संध्याकाळी मिस्टरांकडून सेक्रेटरीसाहेबांना निरोप दिला की मुलींना ऐकू येत नाही. त्यांनी येऊन हजरतांच्या बाजूला बसून ऐकलं, त्यांना स्वच्छ ऐकू आलं. उत्तर आलं की हजरतांचा आवाज मुळातच नाजूक आहे, मुलींनी जरा लक्ष देऊन ऐकावं. मी आणखी एकदा कळवलं. तेच उत्तर. पुन्हा कळवलं नाही. मागच्या दारानं का होईना माझा वर्ग माझ्याकडं परत आला होता आणि तो पुन्हा घालवायची माझी तयारी नव्हती. हिवाळा गेला, उन्हं तापायला लागली. पडद्याच्या पलीकडं एक धडा चालायचा, अलीकडं एक. पलीकडच्या माणसाला अलीकडचं ऐकू यायचं नाही आणि अलीकडच्यांना पलीकडचं. मी सुखात होते, हे मला कुणापासून लपवायचं नाही.

समारंभ जवळ आला. पालकांना निमंत्रणं गेली, मुलींच्या पांढऱ्या ओढण्या शिवून आल्या, हजरतांच्या नावाच्या सनदा छापून आल्या. त्याच आठवड्यात एक मुलगी माझ्या ऑफिसात येऊन उभी राहिली. मावळातल्या एका खेड्यातली. तिचं घर म्हणजे गावच्या जत्रेत सगळ्यांची बकरी कापून देण्याचा मान असलेलं जुनं मुसलमान घर, सगळ्या गावाशी काका-मामाचं नातं. वर्गात सगळ्यात हुशार आणि बोलायला सगळ्यात रांगडी. तिच्या वडिलांनी गावच्या मशिदीशेजारची खोली दुरुस्त करून घेतली होती. सनद आली की तिनं तिथं आसपासच्या वाड्यांतल्या मुलींना शिकवायचं, असं जमातीनं, म्हणजे मशिदीच्या पंचांनी, ठरवलं होतं. सनद नसेल तर खोलीही नाही.

ती म्हणाली, "आपा, माजी सनद काडू नका."

"का गं?"

"तिच्यात लिवलंय, मी हजरतांकडनं ऐकलं. मी ऐकलंच न्हाई."

मी म्हणाले, "वर्गात तर होतीस."

"बसले व्हते. बसनं येगळं आन ऐकनं येगळं. तुमीच शिकवलंय."

मी तिला समजावलं. सगळ्या मुली घेतायत, तुझ्या एकटीच्या हट्टानं काय होणार, वडिलांनी खोली बांधली आहे, गावातल्या पोरी वाट बघतायत. ती मान खाली घालून ऐकत राहिली. अदब होता, तो मीच लावलेला. मग म्हणाली, "पोरींना पैला धडा काय देऊ मंग? कुनाकडनं ऐकलं ते खरं सांगावं, ह्योच न्हवं? आन माजीच सनद खोटी." ती रडली नाही. ती गेल्यावर मीच रडले. राग तिचा आला होता, की बाकी कुणालाच हे सुचलं नव्हतं, मलाही नाही, याचा आला होता, ते मला नीट सांगता येत नाही.

मी सेक्रेटरीसाहेबांना फोन केला. मी म्हणाले, हजरतांचा आवाज बरेच महिने आतपर्यंत पोचलेला नाही, मुलींनी ग्रंथ माझ्याकडून ऐकलाय, तर यंदा सनद माझ्या नावानं द्यावी. माझी साखळी पक्की आहे, माझ्या आधीच्या सगळ्या मुली तिच्यावरच बाहेर पडल्या आहेत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीनं बोलले. "आपा, पालक हजरतांच्या नावावर आलेत. तुमचं नाव लेटरहेडवर आहेच की. आणि हजरतांचं कुणी ऐकलंच नाही, असं बाहेर गेलं तर शेवटचं वर्ष बंदच करावं लागेल. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी फोन ठेवला. इकडं आड, तिकडं विहीर. गप्प राहिले तर त्या पोरीची खोली जाते, बोलले तर सगळ्यांचं वर्ष जातं.

शेवटचा धडा झाला त्या दिवशी मी मिस्टरांना रजा काढून यायला सांगितलं. मला हजरतांशी बोलायचं होतं, तर माझ्यातर्फे कुणीतरी त्यांच्या बाजूला बसायला हवं होतं, तसा रिवाज आहे. मुली उठल्या नव्हत्या. मी पडद्याजवळ जाऊन मिस्टरांना म्हणाले, "सांगा, श्रावणापासून मुलींना तुमचा एक शब्दही ऐकू आलेला नाही."

मिस्टरांनी हजरतांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं, "आपा म्हणतात, मुलींना जरा कमी ऐकू येतं."

"अल्ला शिफा देवो," हजरत म्हणाले. त्यांना वाटलं, मुली आजारी आहेत.

"जरा कमी नाही, काहीच नाही," मी म्हणाले. मिस्टरांनी खाकरून घेतलं आणि हवेबद्दल काहीतरी बोलायला लागले. गरीब माणूस, म्हाताऱ्याचं मन मोडायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. मग मी पडद्याला तोंड लावलं आणि माझ्या स्वतःच्या आवाजात, जितकं मोठ्यानं बोलता येईल तितकं मोठ्यानं, सगळं सांगितलं. पंचवीस-तीस पोरी मागं ऐकत होत्या, बाहेर ड्रायव्हर ऐकत असेल, सेक्रेटरीसाहेबांच्या खोलीपर्यंतही गेलं असेल.

मग पलीकडून तो बारीक आवाज आला, इतक्या जवळून मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

"मग इतके महिने मी कुणाला शिकवत होतो?"

हजरतांनी थोडा विचार केला असावा, कारण पुढं बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात उभारी होती. म्हणाले, "आपा, तुम्ही तर पडद्याला लागून बसता. तुम्ही ऐकलंत ना? मग सोपं आहे. तुम्ही माझ्याकडून ऐकलं, मुलींनी तुमच्याकडून. सनदेवर आधी तुमचं नाव, मग माझं. मी सांगितल्यावर कुणी अडवणार नाही."

असा न्याय ट्रस्टमधल्या एकालाही सुचला नसता. माझं नाव परत येत होतं, त्यांचं राहत होतं, वर्ष वाचत होतं, मावळातली खोली वाचत होती. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी मागं वळून बघितलं तर ती पोरगी माझ्याकडंच बघत होती. ती नसती तर मी काय म्हणाले असते, हा प्रश्न मला आजही कुणी विचारू नये.

"नाही, हजरत," मी म्हणाले. "मी ऐकलं नाही. तुम्ही बोलत होता तेव्हा मी शिकवत होते."

मिस्टरांना हे त्यांच्या कानाशी पुन्हा सांगावं लागलं नाही. हजरत काठी शोधत होते, तिचा आवाज आला. उठताना ते मला आपा म्हणाले नाहीत, बेटी म्हणाले. "बेटी, मग माझं नाव कुणाच्याच सनदेवर यायला नको." एवढं बोलून ते गेले आणि पुन्हा आले नाहीत.

समारंभ झाला. मुलींना ओढण्या घातल्या, दुवा झाली, बिर्याणी झाली, सेक्रेटरीसाहेबांनी नेतृत्वावर भाषण केलं आणि सनदा मागाहून मिळतील असं सांगितलं. मागाहून काही मिळालं नाही, माझ्या नावाची सनद ट्रस्टनं काढलीच नाही. शेवटचं वर्ष तूर्त बंद आहे. काही मुली माझ्याशी बोलल्या नाहीत, एकीच्या आईनं मला तोंडावर सांगितलं की तुमच्या खरेपणापायी माझ्या लेकीची वर्षं मातीत गेली. मला काढलं नाही. काढलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. पाटी आहे, खुर्ची आहे, आणि जिच्यासाठी मी या डोंगरावर आले ती विद्या आता या इमारतीत शिकवलीच जात नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असणार.

मावळातली पोरगी सगळ्यात शेवटी गेली. तिचे वडील फाटकाबाहेर टेंपोत ट्रंक चढवत होते. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. म्हणाले, "तुझं नुकसान मी केलं."

"न्हाई आपा. तुमी व्हय म्हनला असता, तरी मी घेतली नसती."

मग ती म्हणाली, "खोली गेली तर जाऊ दे. घराच्या वट्यावर बसवीन पोरी. तुमच्याकडनं जेवडं ऐकलंय तेवडं सांगीन." वडिलांनी हाक मारली. ती दोन पावलं गेली आणि परत आली. "पन आपा, कुनाकडनं ऐकलं असं कुनी इचारलं, तर तुमचं नाव सांगू का?"

मी या संस्थेची प्रमुख. मी तिला म्हणाले, "विचारून सांगते."